दिवा चालू असला तरी

४ जानेवारी, रविवार

वायरिंगच्या सामानाच्या दुकानदाराने ही डायरी फुकट दिली. चाळीस वर्षं त्याच्याकडून माल उचलला, त्याचं हे फळ. पहिली तीन पानं कोरी गेली, कारण निवृत्त माणसाच्या घरात लिहिण्यासारखं घडतं काय डोंबल! आज घडलं. पंत मागचा उजवा पाय ओढत चालले.

पंत म्हणजे आमचा इग्वाना. घोरपडीचा लांबचा भाऊ म्हणा. अंगाने हिरवा, शेपटीसकट चार फुटांच्या वर, गळ्याखाली लोंबती पिशवी आणि चेहरा असा, की घरातल्या सगळ्यांना नुकतंच नापास करून बसलाय. नाव मुलीने ठेवलं. प्राणीही तिचाच. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेली तेव्हा म्हणाली, सहा महिन्यांत येऊन घेऊन जाते.

हे ती तिच्या आईला म्हणाली. माझ्याशी ती बोलत नाही. मी तिला इथे चांगली चिकटवून दिलेली नोकरी सोडून निघाली, म्हणून जायच्या दिवशी दारात उभा राहून मी म्हटलं होतं, "या दारातून गेलीस तर मला पुन्हा बाबा म्हणू नकोस." रागात माणूस बोलून जातो. पण कार्टी माझ्यावरच गेलीय, शब्दाची पक्की. तीन वर्षांत एकदाही म्हणालेली नाही.

फक्त दर रविवारी हिच्याशी फोनवर बोलते आणि ठेवताना विचारते, पंत कसे आहेत. मग मी पंतांचा फोटो काढतो आणि ही तो पाठवते. बापलेकीत उरलाय तो एवढाच व्यवहार. म्हणून पंतांना काही होता कामा नये.

हिला म्हटलं, "आज पायाचं विचार तिला." ही फोन घेऊन गॅलरीत गेली. आत रेंज येत नाही म्हणते. मला तर येते. वीस मिनिटांनी आत आली. "थंडीने आखडला असेल म्हणते. ऊब द्या."

५ जानेवारी

ऊब दिली. कपाटात गरम दिवा आणखी एक लावला.

कपाटाबद्दल लिहायलाच हवं, कारण बायको सोडून कुणी कौतुक केलेलं नाही आणि तीही आता करत नाही. मुलगी पंतांना जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची. कोंबड्यांचं खुराडं परवडलं! ती गेल्यावर महिनाभरात मी नवं केलं. सागवानी चौकट, सहा मिलीमीटरची काच, आत चढायला खरी फांदी. वरच्या कप्प्यात तिने आणलेला तो खास उन्हाचा दिवा, आणि दिवा नि पंत यांच्यामध्ये काच, म्हणजे चटका बसायची भीती नाही. बाहेरून एक वायर दिसेल तर नाव बदलीन. हा दिवा तीन वर्षं एकदाही लुकलुकलेला नाही. जोडणी नीट असली की बल्ब मरत नाही, हे मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगायचो.

११ जानेवारी, रविवार

पाय तसाच. आता दोन्ही.

हिला पुन्हा विचारायला लावलं. आत येऊन म्हणाली, "ऊब चालू ठेवा म्हणते. आणि तुमच्या गुडघ्याचं विचारत होती."

गुडघ्याचं! मी दुपारभर खूश होतो. बाप म्हणत नाही, पण बापाच्या गुडघ्याची काळजी आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. या मुलीने या प्राण्यावर एवढी जाड पुस्तकं वाचलेली, तो शिंकला तरी चार प्रश्न विचारायची. आणि आता नुसतं ऊब द्या? कामात असेल बिचारी. माणूस दूर गेलं की सगळंच थोडं थोडं दूर जातं.

१५ जानेवारी

पंत फांदीवरून पडले. मी बघत होतो. आधी बोटं थरथरली, मग पकड सुटली, आणि ओल्या पोत्यासारखे खाली. जास्वंदीचं फूल तोंडाशी धरलं, त्यांचं सगळ्यात आवडतं. जीभ बाहेर आली पण चावता येईना.

कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरने दारातूनच हात जोडले. "कुत्रं, मांजर, गाय आणा. हे आपल्या आवाक्यातलं नाही." गावाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई आहेत म्हणाला, पक्षी नि सरपटणारे प्राणी बघतात. उद्याची वेळ घेतली.

१६ जानेवारी

पंतांना उशीच्या खोळीत घालून नेलं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर वजनकाटा, भिंतीवर कासवाच्या आतल्या अवयवांचं चित्र. आमच्या आधी एक पोपटवाले गृहस्थ होते. पोपट खोकतो अशी तक्रार. डॉक्टरीणबाईंनी पोपट तपासला, मग गृहस्थांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "पोपट ठणठणीत आहे. तो तुमची नक्कल करतोय. तुमची छाती दाखवून घ्या." सगळे हसले. गृहस्थही हसले आणि खोकले.

मग आम्ही. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पंतांचा खालचा जबडा दोन बोटांत धरला आणि हलकेच दाबला. जबडा वाकला. हाड वाकतं का कधी? खोडरबर दाबावं तसा वाकला.

"काका, उन्हाचा दिवा लावता ना?"

"रोज बारा तास. टायमर बसवलाय."

"शेवटचा कधी बदलला?"

"गेल्या वर्षी," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. तोंडातून गेलं.

एक्स-रे काढला. पडद्यावर पंतांची हाडं दिसली, म्हणजे जेमतेम दिसली. पेन्सिलने काढून मग कुणी अर्धवट पुसली असावीत तशी. दोन्ही मांड्यांची हाडं कधीतरी मोडलेली, वाकडीच जुळलेली. मला पत्ताच नाही.

"दुखलं असेल?" मी विचारलं.

"खूप. पण हे प्राणी सांगत नाहीत, काका. जंगलात जो दुखतंय असं दाखवतो, त्याला कुणीतरी खातं. आपल्याला कळतं तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो." मग म्हणाल्या, "उद्या तो दिवा घेऊन या."

१७ जानेवारी

दिवा नेला, आणि सोबत वरच्या कप्प्याची काचही काढून नेली. म्हटलं, बघू दे तरी काम किती स्वच्छ आहे ते.

गिऱ्हाइकांना मी जन्मभर सांगत आलो, माणूस खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून छोटा मीटर काढला. म्हणाल्या, उन्हात एक असा भाग असतो जो डोळ्यांना दिसत नाही. त्याच्याशिवाय यांच्या अंगात हाड धरत नाही, कितीही पालेभाजी घाला. हे दिवे तोच भाग देतात. त्यांनी स्वतःचा नवा दिवा लावून हातभर अंतरावर मीटर धरला. तीन पूर्णांक दोन. मग माझा लावला. दोन्ही दिवे सारखेच लख्ख. माझ्या दिव्याखाली मीटर शून्य.

"उजेड राहतो," त्या म्हणाल्या, "पण तो भाग सहा महिने-वर्षात संपतो."

मग त्यांनी माझी ती स्वच्छ, कडा घासलेली काच उचलली आणि त्यांच्या नव्या दिव्यासमोर धरली. तीन पूर्णांक दोनचे शून्य झाले. काच बाजूला केली, तीन पूर्णांक दोन. पुन्हा धरली, शून्य.

"म्हणजे दिवा वेळच्या वेळी बदलला असता तरी?"

"मध्ये काच होती ना, काका."

घरी आल्यावर ड्रिलच्या डब्याचा तळ उचकला. तिथे मुलीने जाताना ठेवलेला कागद आहे. मी तो तेलासाठी खाली अंथरला होता. पाचवा मुद्दा: "दिवा दर सहा महिन्यांनी बदला, चालू असला तरी." सहावा: "दिवा आणि पंत यांच्यामध्ये काच नको, फक्त जाळी." कागद हरवला नव्हता. तो मी तेव्हाच वाचला होता. वाचून हसलो होतो. चालू असला तरी! वायरमनला दिवे शिकवते! हा दुकानदारांचा माल खपवायचा धंदा, आणि पोरगी त्यात फसली, असं मी हिला मोठ्याने सांगितलंही होतं. आणि कपाट त्यानंतर केलं. त्यानंतर!

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय तेवढंच.

१८ जानेवारी, रविवार

हिला म्हटलं, तिला इतक्यात काही कळवू नकोस. मागच्या उन्हाळ्यातला फोटो पाठव, पंत फांदीवर ताठ बसलेत तो. मला वाटलं भांडेल, लेकीशी खोटं कसं बोलू म्हणेल. एका शब्दात कबूल झाली. "बरं," म्हणाली आणि गॅलरीत गेली.

आत येऊन म्हणाली, "पंत छान दिसताहेत म्हणते."

२४ जानेवारी

रोज दोनदा औषध, चारदा सुईशिवायच्या पिचकारीने भाजीचं पाणी. जबडा दाबायचा नाही, ओठाच्या कडेने थेंब थेंब सोडायचं. माझे हात स्क्रू ड्रायव्हरचे. पहिले दोन दिवस अर्धं माझ्या बाहीवर. आता जमतं. काच काढून जाळी बसवली, नवा दिवा लावला. दिवा विकणाऱ्या दुकानदाराने सांगितली तेवढीच उंची ठेवली, स्वतःचं डोकं चालवलं नाही.

वजन कालपेक्षा दहा ग्रॅम कमी.

१ फेब्रुवारी, रविवार

आज पंतांनी पिचकारी सोडून माझ्या बोटातलं फूल घेतलं. अर्धी पाकळी. मी हिला हाक मारली, ती हातातलं टाकून धावत आली, आणि आम्ही दोघं म्हातारे कपाटासमोर उकिडवे बसून त्याचं चावणं बघत राहिलो. माझा गुडघा मग हिलाच ओढून उठवावा लागला.

किती दिवसांनी घरात कुणी हसलं.

५ फेब्रुवारी

रक्ताचा रिपोर्ट. किडन्याही गेल्यात. डॉक्टर गोड बोलत नाहीत, मला ते बरं वाटतं. म्हणाल्या, "हाडांचं कदाचित जमलं असतं. हे जमणार नाही. आता तो फक्त सोसतोय. ठरवावं लागेल."

फॉर्म पुढे केला. मालकाची संमती, असं लिहिलेलं. मी म्हटलं, "मालक मी नाही. मालकीण माझी मुलगी आहे. तिला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मग लवकर विचारा," डॉक्टर म्हणाल्या.

घरी आल्या आल्या हिला म्हटलं, लाव फोन, आज मी बोलतो, होईल ते होईल. ही एकदम पांढरी पडली. "आत्ता तिकडे ती कामात असेल. रविवारी मी विचारते. तुम्ही मध्ये पडलात तर आहे तेही तुटेल." बरोबर आहे तिचं. आधी मीच तोडलंय.

पण पंतांना त्यासाठी तीन दिवस जास्त सोसावं लागणार.

८ फेब्रुवारी, रविवार

मी हिला सगळं सांगायला सांगितलं. पाय, जबडा, किडन्या, दिवा, काच. "माझं नाव घेऊन सांग. बापाने केलं म्हणून सांग."

आज ही गॅलरीत अर्धा तास होती. मी आत खुर्चीवर शाळेतल्या पोरासारखा. दाराच्या काचेतून तिची पाठ दिसत होती. आत आली तेव्हा डोळे लाल.

"म्हणते, त्याला आता त्रास होऊ देऊ नका."

"आणि?"

"आणि..." ही पदराने फोन पुसत बसली. "म्हणाली, बाबांना सांग, त्यांनी खूप केलं त्याच्यासाठी. त्यांची चूक नाही म्हणावं."

"बाबा म्हणाली?"

"हो."

"तिच्या तोंडाने म्हणाली? बाबा?"

"म्हणाली ना हो."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. पंत चाललेत आणि माझं मन आनंदाने भरलंय, असला नालायक बाप मी. पण काय करू? तीन वर्षांनी.

९ फेब्रुवारी

झालं.

डॉक्टरांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. पंतांचा पुढचा पंजा माझ्या अंगठ्यावर होता. मग दुसरं. छातीला एक छोटं यंत्र लावलं, त्यातून हृदयाचा आवाज खोलीभर येत होता. मला वाटलं लगेच थांबेल. थांबेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्प.

"जिवंत आहे अजून?" मी विचारलं.

"नाही. तो गेलाय, त्याला काही कळत नाहीये. यांचं हृदय हट्टी असतं, उशिरापर्यंत चालू राहतं. म्हणून मी घाई करत नाही."

चाळीस मिनिटं मी नि डॉक्टर ऐकत बसलो. ही बाहेर बाकावर होती, आत आली नाही.

१० फेब्रुवारी



सकाळी ही आंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन घेतला. मुलीने बाबा म्हटलंय, आता आडपडदा कशाला? पंत गेल्याचं तिला मी स्वतः सांगणार होतो. काय बोलायचं ते चार वेळा मनात घोकलं. नंबर लावला.

हा क्रमांक अस्तित्वात नाही.

पुन्हा लावला. तीच बाई, तेच वाक्य. मग फोटो पाठवतात तिथे बघितलं. पंतांचे वर्षभरातले फोटो ओळीने होते. फांदीवरचे, फूल खातानाचे. एकालाही पोचल्याची खूण नव्हती. वर सरकवत गेलो. मुलीचा शेवटचा शब्द चौदा महिन्यांपूर्वीचा. "आई, मी सांगितलं होतं."

ही बाहेर आली, माझ्या हातात फोन बघितला आणि आहे तिथेच खाली बसली. ओल्या केसांनी.

"काय सांगितलं होतं तिने?"

"तुमचं नाव काढू नकोस म्हणून," ही म्हणाली. "मी दर फोनला तुमचंच घोडं पुढे दामटत होते. बोल त्यांच्याशी, माफ कर, म्हातारे झालेत. म्हणाली, पुन्हा विषय काढलास तर नंबर बदलीन. मी काढला."

शब्दाची पक्की.

"मग दर रविवारी गॅलरीत काय करत होतीस?"

"उभी राहायचे."

"गुडघ्याचं कोण विचारत होतं?"

"मीच."

"आणि ऊब द्या? ते कोण म्हणालं?"

तिने तोंडावर दोन्ही हात घेतले. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही विचार म्हणालात. काहीतरी सांगायला हवं होतं. लगेच डॉक्टरकडे न्या म्हटलं असतं तर... मला वाटलं थंडीच असेल हो."

मला ओरडायचं होतं. माझा आवाज किती मोठा आहे ते या गल्लीला माहीत आहे. पण उठलो, ड्रिलचा डबा आणला आणि तो तेलकट कागद तिच्या मांडीवर ठेवला. पाचव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. तिने वाचला. सहावाही वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"परवाचं बाबा तरी कशाला म्हणालीस?" मी विचारलं.

"तुम्ही सही करत नव्हता," ती म्हणाली. "आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं."

१२ फेब्रुवारी

कपाट सोडवलं. एकेक स्क्रू तेल घालून, पाव-पाव वळसा फिरवत, म्हणजे लाकूड फाटू नये. कशाला जपतोय, कुणासाठी, विचारू नका. जुना दिवा डॉक्टरांकडून परत आणला होता, तो फेकण्याआधी सवयीने एकदा लावून बघितला.

लख्ख पेटला.

मुलीला शोधता येईल. तिच्या ऑफिसात लिहिता येईल, तिच्या मैत्रिणीला विचारता येईल. हिला तसं म्हटलं. ही म्हणाली, "आणि सापडली की काय सांगायचं? पंत गेले?"

मुलीने आमच्याकडे सांभाळायला एकच वस्तू दिली होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

अकरा वाजले. ही स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत उभी. फोन टेबलावर. आज कुणी त्याला हात लावेना. साडेअकरा झाले. घर इतकं गप्प, की मला ते यंत्र आठवलं, दोन ठोक्यांच्या मधलं.

मी म्हटलं, "अगं, वेळ झाली."

तिने माझ्याकडे बघितलं.

"जा की. आत रेंज नसते ना?"

तिने फडकं ठेवलं, हात पुसले, फोन घेतला आणि गॅलरीत गेली. मी दाराच्या काचेतून तिची पाठ बघत बसलो. वीस मिनिटांनी आत आली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"गुडघा कसा आहे विचारत होती."

"सांगायचंस ना, बरा आहे."

"सांगितलं," ही म्हणाली, आणि जेवायला वाढायला घेतलं.